बाबांचा बॉल उजवीकडे का जातो

बॉल भोकापासून जेमतेम हातभर लांब होता. माझ्या बायकोनं, मृणालनं, लाटण्यानं ढकलला असता तरी आत पडला असता. बाबांनी पटर, म्हणजे बॉल भोकात ढकलायची काठी, लावला, मान खाली घातली, एक श्वास घेतला, आणि बॉल भोकाच्या उजव्या कडेला चाटून खुशाल पुढं निघून गेला.

"गेला," बाबा म्हणाले. "तुम्ही जिंकलात, प्रफुल्लराव."

"अहो बाबा, हा कसा काय चुकला?"

"वय झालं." त्यांनी वाकून बॉल उचलला, पँटला पुसला आणि खिशात टाकला. "चला, पोहे गार होतील."

पोहे अजून सांगितलेसुद्धा नव्हते, गार कुठून होणार! पण बाबांचं असंच. हरले की त्यांना पोह्यांची घाई व्हायची. हरेल त्यानं क्लबच्या कँटीनमध्ये तर्रीपोहे खिलवायचे, असा नियम त्यांनीच कधीतरी घालून दिला होता. तेव्हापासून माझा हात एकदाही खिशात गेला नव्हता.

बाबा म्हणजे माझे सासरे, भास्करराव देवतळे. ही गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. पिपरडोहच्या कागद कारखान्यात त्यांनी जन्म काढला, मशीन विभागाचे मुख्य म्हणून रिटायर झाले आणि वसाहतीच्या भिंतीला लागूनच घर बांधलं, कारण भिंतीपलीकडे गोल्फचं मैदान होतं. मैदान म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसलं हिरवंगार काही डोळ्यांपुढं आणू नका. नऊ होल, पळस, बाभळी, आणि उन्हाळ्यात खडखडीत जमीन. भोकाभोवती जिथं मऊ हिरवळ पाहिजे, तिथं आमच्याकडे वाळू. वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवायचं आणि चोपून सपाट करायचं. त्याला ब्राउन म्हणतात. ते ऑइल माझ्याच दुकानातून ड्रम भरभरून जायचं, त्यामुळे क्लबात माझा भाव जरा जास्तच होता.

माझं नागपूरला टायरचं दुकान आहे. टायर, बॅलन्सिंग, ऑइल बदलणं, कॉम्प्युटरवर व्हील अलाइनमेंट. माझा आणि गोल्फचा काय संबंध? पण लग्नानंतर बाबांनी हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, दिला, आणि थोड्याच दिवसांत मी त्यांना हरवायला लागलो. आता खोटं कशाला बोलू, फार गोड वाटायचं. ज्या माणसाच्या शोकेसमध्ये स्पर्धांचे कप मावत नव्हते, त्याला मी, एक टायरवाला, दर रविवारी हरवतो! दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं पंक्चर निघेपर्यंत त्याला ते ऐकावंच लागायचं.

तर त्या रविवारी पोह्यांच्या बशा आल्या. बाबांनी चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"प्रफुल्लराव, एक सांगायचं होतं. होळीपर्यंत खेळतो. मग बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. खेळवत नाही आता. किट विकून टाकतो. कुकडेला सांगितलंय गिऱ्हाईक बघायला."

कुकडेकाका शेजारच्याच टेबलावर होते. कारखान्यात पर्चेस बघायचे, बाबांचे जुने सोबती. ते तिथूनच ओरडले, "मी काही गिऱ्हाईक-बिऱ्हाईक बघत नाही. हा म्हातारा बहकला आहे, जावईबापू. सकाळी एकटा येते तेव्हा असा बॉल मारते, असा मारते, की पाहत राहावं. रविवारीच याला काय होते, देव जाणे."

"कुकड्या, तू पोहे खा," बाबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मृणालला सांगितलं. ती रविवारी सकाळपासून माहेरी असायची. बाबांचे डबे घासणं, आठवड्याच्या चटण्या करून ठेवणं, असलं तिचं चालायचं.

"आई गेल्यावर एवढं एकच राहिलंय त्यांना," ती म्हणाली. "सकाळी उठून दाढी करतात ती मैदानावर जायचं म्हणून. ते सुटलं की दाढी सुटेल, मग चहा सुटेल. पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग. मी बघितलंय असं होताना, मोठ्या काकांचं."

"मग आपल्याकडे आणू."

"ते येतील? तुम्हाला माहीत नाहीत का ते? जावयाच्या घरी राहणार, ते पण देवतळे?" तिनं डोळे पुसले. "अहो, काही तरी करा ना. तुम्हाला जमतं."

बायको वर्षातून एखाद्या वेळी असं म्हणते. तेव्हा माणसानं काही तरी करायलाच पाहिजे.

मी विचार केला, गाडी एका बाजूला ओढते म्हणून कोणी गाडी विकत नाही. मशीनवर चढवतो, कुठलं चाक किती वाकडं आहे ते स्क्रीनवर दिसतं, पाना फिरवला की सरळ. बाबांचा बॉल ऐन वेळी उजवीकडे जातो. का जातो ते एकदा दिसलं पाहिजे, बस. दोन-चार दिवस मोबाइलवर शोधाशोध केली आणि सापडलं! अंगठ्याएवढं यंत्र, क्लबच्या मुठीच्या टोकाला बसवायचं. फटका मारला की मोबाइलवर येतं, क्लब किती जोरात फिरला, बॉलला लागताना त्याचं तोंड सरळ होतं की उघडं पडलं होतं. चांगला फटका असला तर हिरवी खूण, वाईट असला तर लाल. शिवाय मोबाइल समोर उभा करून ठेवला तर अख्ख्या स्विंगचा व्हिडिओ, पाहिजे तितका सावकाश करून बघता येतो.

पुढच्या रविवारी मी ते बाबांच्या हातात ठेवलं. मला वाटलं, जन्मभर मशीन सांभाळलेला माणूस, पोरासारखा हरखेल. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरलाच.

"हे काय काय दाखवतं?"

"सगळं दाखवतं!"

"सगळं?"

"तुमचा बॉल उजवीकडे का जातो, ते दूध का दूध, पानी का पानी. मशीन खोटं बोलत नाही, बाबा."

"कशाला एवढा खर्च केलात," ते पुटपुटले. पण जावयानं आणलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार? बसवून घेतलं बिचाऱ्यांनी.

मॅचच्या आधी सराव केला. एकामागून एक बॉल सरळ. मोबाइल हिरवाच हिरवा. मी टाळ्या वाजवल्या. मग खेळायला लागलो. आमचा खेळ साधा, ज्याला कमी फटके लागले त्यानं तो होल जिंकला. पहिला होल बरोबरीत गेला. दुसऱ्याला माझा बॉल सुटला तो थेट बाभळीत. बाबा पुढं झाले, क्लब फिरवला, आणि त्यांचा बॉल उजवीकडच्या नाल्यात. मोबाइलवर लालभडक खूण.

"बघा!" मी ओरडलो. "तोंड उघडं पडलंय क्लबचं! तुम्ही डोकं लवकर वर उचलता, बाबा. डोकं खाली ठेवायचं. आणि उजवं कोपर आत."

"हो का?" बाबा म्हणाले. "बरं."

नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं मीच पुष्कळदा अनुभवलेलं. पण त्या दिवशी मी त्या माणसाला नाचायला शिकवत होतो. आणि तेही मान डोलावत ऐकून घेत होते.

असे चार-पाच रविवार गेले. सरावाला हिरवं, मॅचमध्ये लाल. मला यंत्रावर संशय आला, दुकानदाराशी भांडून बदलून आणलं. तरी तेच. आणि एका सकाळी दुकानात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात दुसराच किडा शिरला. खेळात ताण आला की हात साथ देत नाही, म्हणजे मेंदूचं तर काही नाही ना? आमच्या एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना असाच कंप सुरू झाला होता, आधी फक्त चहाचा कप धरताना. मी घाबरलो. घरी जाऊन मृणालला सांगितलं, आणि सांगितल्यावर वाटलं, झक मारली. ती पांढरीफटक पडली.

"दाखवा मला व्हिडिओ," ती म्हणाली.

मोबाइल टीव्हीला जोडला. आधी सरावाचे फटके लावले. बाबा मोठे होऊन समोर आले, ती जुनी फेल्ट हॅट, इस्त्रीचा शर्ट. क्लब मागं गेला, पुढं आला, हात दगडासारखे स्थिर. मग मॅचमधला एक फटका लावला आणि अगदी सावकाश केला. मी हातांकडं बघत होतो. कंप कुठंच नव्हता.

"थांबा," मृणाल म्हणाली. "मागं घ्या. ते कुठं बघतायत?"

मी मागं घेतलं. फटका मारायच्या आधी माणूस भोकाच्या दिशेनं बघतो. बाबा तिकडं बघत नव्हते. ते डावीकडं, बाभळीत बघत होते, जिथं माझा बॉल जाऊन पडला होता. नीट निरखून बघितलं, मग खाली बघितलं. क्लब खाली येताना, अगदी शेवटच्या क्षणाला, मनगट अलगद वळलं. त्याच वेळी त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता.

मृणाल हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मला काही कळेना.

"अगं काय झालं?"

"अहो, तो ओठ! लहानपणी माझ्याशी पत्ते खेळताना हातात एक्का असला तरी दुर्री टाकायचे. तेव्हा अस्सा ओठ धरायचे. आई म्हणायची, ओठ सोडा, पोरीला कळेल." तिनं पदरानं नाक पुसलं. "बाबांना काही झालेलं नाही. ते तुमच्याशी मुद्दाम हरतात."

मी दुसरा व्हिडिओ लावला. मग तिसरा. जिथं माझा फटका बरा पडला होता, तिथं बाबांचाही बरा. जिथं मी माती खाल्ली होती, तिथं बाबांनी माझ्यापेक्षा मोठा घास घेतला होता. प्रत्येक वेळी तोच ओठ. म्हणजे इतकी वर्षं? म्हणजे पहिल्यापासून? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मृणालच्या वडिलांची काळजी मिटली होती, आता मला माझी काळजी लागली होती.

रविवारी मी काही बोललो नाही. तीन होल गुमान खेळलो. चौथ्याच्या आधी पळसाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं मी बॅग खाली ठेवली.

"बाबा, बसा जरा."

"दमलात का?"

"मागच्या वेळी ह्याच होलवर माझा बॉल बाभळीत गेला, आणि लगेच तुम्ही तुमचा उजवीकडं घातलात. मुद्दाम."

"छे हो, प्रफुल्लराव! काहीतरीच."

"मशीननं दाखवलं."

"मशीनला काय कळतंय माझ्या मनातलं?"

"मशीनला नाही कळलं. तुमच्या लेकीला कळलं. तुम्ही खालचा ओठ धरता."

बाबा बाकावर बसले. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"मृणालला माहीत झालं?"

"हो."

"बोंबला," बाबा म्हणाले. असला शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

"पण का, बाबा?"

"आता काय सांगू? जावयाला पोह्यांचे पैसे द्यायला लावू मी? कँटीनमधले लोक काय म्हणतील?"

"पोह्यांसाठी कोणी सोळा वर्षं हरतं का? नीट सांगा."

ते हॅटची कड चाचपत राहिले. "लग्नानंतर आपण पहिल्यांदा खेळलो, ते आठवतं तुम्हाला?"

"मी हरलो होतो."

"हरला नव्हतात, मी धुतलं होतं तुम्हाला. अगदी पिळून वाळत घातलं होतं. मला भान राहत नाही हो खेळताना. घरी आलात, जेवलात, गेलात. आणि मग तीन रविवार तुम्ही आला नाहीत. तुम्ही नाही, म्हणून मृणालही नाही. मृणालची आई मला म्हणाली, 'घ्या! एकुलत्या एक जावयाला हरवून बसलात. रुसला तो. आता लेकीचं तोंड दिसतंय का बघा.'"

"तीन रविवार?" मला आठवेना. आणि मग एकदम आठवलं. "अहो बाबा! तेव्हा अलाइनमेंटचं मशीन आलं होतं माझं! तो बसवणारा माणूस रविवारशिवाय मोकळा नसायचा. मी तिथं ग्रीस फासून उभा होतो दिवसभर!"

बाबा माझ्याकडं बघतच राहिले.

"मशीन आलं होतं?"

"मशीन!"

"रुसला नव्हतात तुम्ही?"

"मी कशाला रुसू? उलट मी दुकानात सगळ्यांना सांगत होतो, माझे सासरे काय खेळतात!"

"अरे देवा," बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट. "आणि हिनं मला स्वैपाकघरात कोंडून सांगितलं होतं, 'ते आलेत. आज हरायचं. समजलं?' हरलो. तुम्ही पुढच्या रविवारी आलात. पुन्हा हरलो, पुन्हा आलात. मग म्हटलं, चालू मशीनला कोण हात लावतो?"

मी पण हसलो. पण आतून मेलो होतो. "म्हणजे मी एकदाही जिंकलो नाही?"

"एकदा जिंकलात की." बाबांनी समजूत घातली. "मला ताप होता तेव्हा."

आता बोला!

"मग आता का सोडताय? माझ्याहून वाईट खेळणं जड जातंय, असंच ना?"

"ते जड आहेच," बाबा पटकन म्हणाले आणि जीभ चावली. "तसं नव्हे. हरण्याचं मला कधी काही वाटलं नाही. मजा होती त्यात. तुम्ही दोघं संध्याकाळी निघालात की ही ओट्यापाशी उभी राहायची आणि विचारायची, 'हं, सांगा. आज कसे हरलात?' मग मी तिला एकेक होल सांगायचो. तुमचा बॉल कुठं गेला, मग मी माझा त्याच्याही पलीकडं कसा घातला. एकदा तुमचा नाल्यात गेला होता, मला माझा तिथंच न्यायला केवढी कसरत करावी लागली! ती हसायची हो. पोळपाटावर डोकं टेकवून हसायची. 'आणि त्यांना काही कळलं नाही?' म्हणायची. आठवडाभर पुरायचं आम्हाला ते."

वारा सुटला होता. बाबांनी हॅट डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मृणालला कसं सांगणार? तिच्या नवऱ्याचं हसं मी कसं करू? आता तुम्ही गेलात की मी दार लावून घेतो. विचारणारं कोणी नाही. पूर्वी मी मुद्दाम हरायचो, प्रफुल्लराव. आता नुसता हरतो. हरून घरी जातो. ते नाही सोसत."

मी उठलो, त्यांच्या क्लबच्या मुठीवरचं ते यंत्र काढलं आणि खिशात टाकलं.

"उठा," मी म्हणालो. आवाज उगाचच मोठा निघाला. "आता इथून पुढं नीट खेळा. मला धुवा."

"नको हो."

"मृणालची शपथ आहे तुम्हाला. आणि पोहे आज मी देणार."

"अहो, लोक..."

"लोकांना घाला चुलीत."

ते उठले. पुढं जाऊन बॉल ठेवला. ह्या वेळी बाभळीकडं बघितलं नाही. क्लब मागं गेला आणि पुढं आला, काही घाई नाही, काही जोर नाही. आणि जो आवाज आला तो मी त्या मैदानावर इतक्या वर्षांत ऐकलेला नव्हता. बॉल पळसाच्या वरून गेला आणि थेट समोर, जिथं मला दोन फटक्यांत पोचायचं अवघड, तिथं जाऊन पडला.

"अरे बाप्पा," मी म्हणालो.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. "थोडं वारं पण होतं मागून," ते म्हणाले.

वारं समोरून होतं. पुढचा होल त्यांनी जिंकला, त्याच्या पुढचाही. सातव्याला मला वाटलं आता दमतील, तर त्यांनी लांबूनच पटरनं एक टोला दिला, आणि बॉल ब्राउनवरून वळण घेत घेत जाऊन भोकात टुपकन पडला. खरं सांगतो, मला राग आला. मीच शपथ घातली होती, तरी आला. आठव्याला मी क्लब जमिनीवर आपटला. नवव्याला बॉल वाळूत इतका रुतला की मी नातं विसरून एक शिवी घातली. शेवटचा बॉल भोकात ढकलून बाबांनी वर बघितलं, आणि माझं तोंड बघून त्यांचा सगळा आनंद मावळला.

"प्रफुल्लराव," ते हळूच म्हणाले. "पुढच्या रविवारी... येणार ना?"

सत्तरी ओलांडलेला माणूस. शोकेसभर कप. आणि मला विचारत होता, येणार ना. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"येणार म्हणजे काय! पण आधी मला सांगा, माझा बॉल असा भरकटतो का? ते यंत्र सांगतं ते नको. तुम्ही सांगा."

"बरा आहे हो तुमचा खेळ."

"बाबा!"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. आणि मग धरण फुटावं तसे सुटले.

"कोपर! आधी ते कोपर आवर! कोंबडीनं पंख झाडावा तसं काय करतोस ते? आणि क्लब असा आवळून धरतोस, चोर पकडलाय का? सैल सोड. गुडघे ताठ, कंबर हलत नाही, आणि मारायच्या आधीच बघतोस बॉल कुठं गेला ते. जाईल कुठं तो? आधी मार तरी, गाढवा! सोळा वर्षं बघतोय मी! सोळा वर्षं तोंड दाबून उभा आहे!"

ते धापा टाकत थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. "म्हणजे... तुम्ही..."

"पुढं सांगा," मी म्हणालो. "कंबरेचं काय म्हणालात?"

कँटीनमध्ये मी पाकीट काढलं तेव्हा कुकडेकाका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "अरे, या, या, पाहा! आज जावई पैसे देऊन राहिला!" सगळे बघायला लागले. बाबा लाजून बशीत बघत होते, पण त्यांनी त्या दिवशी दोनदा तर्री मागून घेतली.

घरी पोचलो तेव्हा मृणाल दारातच उभी होती. आमच्या चेहऱ्यांवरून तिला काय ते कळलंच असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. बाबा काही न बोलता आत निघाले, हात धुवायला.

"बाबा," ती त्यांच्या मागोमाग गेली. "आज कसं झालं? मला सांगा न."

बाबा थांबले. वळून माझ्याकडं बघितलं.

"सांगा की," मी म्हणालो आणि पायरीवर बसून बुटाची लेस सोडायला लागलो.

"ऐक तर," आतून त्यांचा आवाज आला. आधी दबकत, मग मोकळा. "चौथ्या होलवर तुझा नवरा उभा राहिला, असा. नाही, असा. कोपर बघ कुठं आहे ते. आणि मारला! बॉल गेला डावीकडं आणि हा बघतोय उजवीकडं..."

मृणाल खिदळली. भांडं पडल्याचा आवाज झाला, बाबा बहुतेक उलथन्याचा क्लब करून दाखवत होते. "मग मी मारला," ते म्हणाले. "काय सांगू तुला, तुझी आई असती तर..." आणि एकदम गप्प झाले.

मी लेस धरून तसाच बसलो.

"मग?" मृणालचा आवाज आला, जरा घोगरा. "थांबलात काय? तुमचा बॉल कुठं गेला? पुढं सांगा."

बाबांनी घसा खाकरला. "पुढं ना? पुढं तर खरी गंमत आहे," ते म्हणाले, आणि पाचव्या होलपासून सांगायला लागले. आत माझी यथेच्छ टिंगल चालली होती. त्यात अडथळा नको म्हणून मी बराच वेळ बूट काढत बसलो.